नकोशी तारीख: अरबी समुद्रातील एका कोअरमधल्या १८ सेंटिमीटरांचे प्रकरण

पुण्यातील एका संशोधन गटाच्या कामात घडलेले हे प्रकरण आहे. कोअरचा, म्हणजे समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या दंडगोलाचा, क्रमांक, नेमके अक्षांश-रेखांश आणि माणसांची नावे वगळली आहेत. काही आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत, पण त्यांचे आपसातले नाते तसेच ठेवले आहे, कारण सगळी गंमत त्या नात्यातच आहे.

पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यासमोरच्या खंडान्त उतारावरून, सुमारे १,३०० मीटर खोल पाण्याखालून, ग्रॅव्हिटी कोअररने ३.९ मीटर लांबीचा गाळाचा कोअर काढला होता. जहाजावरच त्याचे २-२ सेंटिमीटरचे काप करून पिशव्यांत भरले गेले. वरच्या ३ मीटरांचे १५० नमुने पुण्यात आले. उद्देश सरळ होता: हिमयुगाच्या कळसापासून आजपर्यंत, म्हणजे साधारण २५,००० वर्षांत, पूर्व अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि क्षारता कशी बदलली ते पाहायचे आणि त्यावरून मान्सूनचा अंदाज बांधायचा.

साधन होते फोरॅमिनिफेरांची कवचे. हे एकपेशीय जीव कॅल्साइटचे कवच बांधतात. काही पाण्यात तरंगत जगतात, काही तळावर. मेल्यावर कवच गाळात जाते आणि ते बांधताना पाणी कसे होते याची नोंद त्यात राहते. कवचातल्या ऑक्सिजन-१८ च्या (ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाच्या) प्रमाणावर तीन गोष्टींचा परिणाम होतो: पाण्याचे तापमान, जगभरच्या बर्फाच्या थरांत अडकलेले पाणी आणि स्थानिक क्षारता. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये हे चढउतार मुख्यतः तापमानाचे मानले होते. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये त्यातला मोठा वाटा खंडांवरच्या बर्फाचा असल्याचे दाखवले. आज हिशेब असा करतात: पाणी १ अंशाने थंड झाले की कवचातले प्रमाण साधारण ०.२२ प्रति हजारने वाढते. हिमयुगाच्या कळसाला समुद्रपातळी १२० मीटरांहून अधिक खाली असताना केवळ बर्फामुळे सुमारे १ प्रति हजारची वाढ होती. तापमान वेगळे मोजता आले, तर उरते ती क्षारता. ते वेगळे मोजण्यासाठी त्याच कवचातले मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर वापरतात. तापमान १ अंशाने वाढले की ते सुमारे ९ टक्क्यांनी वाढते.

गटाने दोन्ही मोजमापांसाठी ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर ही पृष्ठभागाजवळ राहणारी पांढरी जात निवडली. शिवाय ग्लोबिजेरिना बुलॉइडीसची टक्केवारी मोजायची होती. तळचे थंड, पोषक पाणी वर येते तिथे ही जात फोफावते, म्हणून अरबी समुद्रात तिला मान्सूनी वाऱ्यांची खूण मानतात. कोकणासमोर हे पाणी ओमानच्या किनाऱ्याइतक्या जोराने वर येत नाही, त्यामुळे इथे या खुणेवर किती भार टाकायचा याबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही.

नमुने तयार करताना

प्रत्येक नमुना ४५ अंशांखाली वाळवला, वजन केले, रात्रभर पाण्यात भिजवला आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला. कोकणासमोरच्या गाळात दख्खनच्या बेसॉल्टपासून आलेली स्मेक्टाइट माती भरपूर असते. ती पाण्यात फुगते आणि चाळणीची जाळी बंद करते. अशा वेळी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचा सौम्य द्राव चालतो, पण ब्रशने घासणे चालत नाही, पातळ कवचे फुटतात. सेंद्रिय पदार्थ काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरण्याचा मोह होतो. रासायनिक मोजमापासाठी राखलेल्या भागावर तो या टप्प्यावर टाळलेला बरा, कारण साठवणीतले पेरॉक्साइड आम्लधर्मी असते आणि कवचाचा पृष्ठभाग खाते.

पाणी हा पुण्यात वेगळाच विषय. धरणाचे पाणी मृदू असते, पण उन्हाळ्यात इमारतीत टँकर आला की ते बोअरचे, कठीण पाणी असते आणि वाळल्यावर कवचांवर क्षाराचा पापुद्रा ठेवून जाते. म्हणून पहिले धुणे कोणत्याही पाण्याने झाले तरी शेवटची खळबळ आयनमुक्त पाण्याने, असा नियम होता. दोन नमुन्यांच्या मधे चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावात बुडवत. जाळीत आधीच्या नमुन्याचे एखादे कवच अडकले असेल तर ते निळे होते आणि पुढच्या नमुन्यात दिसले की लगेच ओळखू येते. ही साधी सवय पुढे फार कामाला आली.

चाळणीवर उरलेला भाग वाळवून २५० ते ३५५ मायक्रॉनचा गट वेगळा केला. समस्थानिकांसाठी प्रत्येकी १५ आणि मॅग्नेशियमसाठी प्रत्येकी ३५ रुबर कवचे बारीक कुंचल्याने उचलली. मोजणीसाठी १२५ मायक्रॉनवरचा भाग मायक्रोस्प्लिटरने अर्धा-अर्धा करत ३०० तरंगत्या कवचांपर्यंत आणला. मोजलेली कवचे ट्रॅगाकान्थ डिंकाने स्लाइडवर चिकटवली. पावसाळ्यात या डिंकावर बुरशी येते, त्यात लवंगतेलाचे दोन थेंब घातले की वर्षानुवर्षे काही होत नाही.

तळजीवी फोरॅमिनिफेरा मोजण्याचे मात्र प्रकल्पात नव्हते. वेळ वाचवायला ते काम पुढच्या टप्प्यावर ढकलले होते. उरलेला सगळा भाग, कोअरमध्ये किती खोलीवरचा त्याची चिठ्ठी लावून, बाटल्यांत ठेवला होता.

अडचण

निधीत पाचच कार्बन-१४ तारखा (किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली वये) बसत होत्या, आणि त्यांच्या जागा साधारण सारख्या अंतरावर, कोअरमध्ये काय आहे ते पाहण्याआधीच ठरवल्या होत्या. एका तारखेला सुमारे १० मिलिग्रॅम कॅल्साइट लागते. रुबरचे एक कवच साधारण ११ मायक्रोग्रॅमचे, म्हणजे ९०० कवचे. तेवढी रुबर एका कापात मिळत नाहीत, म्हणून पृष्ठभागावर राहणारी सॅक्युलिफर ही जात त्यात मिसळली. तळजीवी कवचे मिसळायची नाहीत, कारण खोल पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो. सागरी साठ्याची दुरुस्ती (समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा जुना असतो, त्याची) करून आलेली, आजपासून मागे मोजलेली कॅलेंडर वर्षे अशी होती: १० सेंटिमीटरवर १,३००, ८० वर ७,४००, १४४ वर १८,६००, १९६ वर १६,२०० आणि २८८ वर २४,९००.

तिसरी तारीख उलटी होती. खालच्या गाळापेक्षा वरचा गाळ २,४०० वर्षांनी जुना.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. ती तारीख चुकीची म्हणून बाजूला ठेवली आणि ८० ते १९६ सेंटिमीटर सरळ रेषेने जोडले, तर दर हजार वर्षांना १३.२ सेंटिमीटर गाळ साचल्याचे दिसते. त्या हिशेबाने १३६ ते १५४ सेंटिमीटर हा भाग ११,६५० ते १३,००० वर्षांपूर्वीचा ठरतो. आणि नेमक्या याच भागात रुबरमधले ऑक्सिजन-१८, ठरलेल्या मानकाच्या तुलनेत, वर-खालच्या उणे १.५ वरून उणे ०.७५ प्रति हजारपर्यंत गेले होते, तर बुलॉइडीस २४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले होते. उत्तर गोलार्धात अचानक थंडी परतली तो यंगर ड्रायसचा काळ १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा. चीनमधल्या हुलू गुहेतल्या लवणस्तंभांत त्या काळात आशियाई मान्सून कमकुवत झाल्याची स्पष्ट नोंद आहे. म्हणजे थंड पाणी, कमी पाऊस, मंद वारे, हे सगळे एकमेकांना दुजोरा देत होते, काळही जुळत होता, आणि आड येत होती ती फक्त एक तारीख.

पीएचडीच्या विद्यार्थिनीने या निष्कर्षावर एका परिषदेसाठी सारांश लिहून ठेवला होता. तो पाठवायच्या आधी मॅग्नेशियमचे निकाल आले. बाकी कोअरमध्ये ते नीट होते, पण याच भागात गुणोत्तर ४.४ वरून ६.१ मिलिमोल प्रति मोलवर उडाले होते. नेहमीच्या सूत्राने त्याचा अर्थ २७.२ वरून जवळपास ३१ अंश. ऑक्सिजन म्हणत होता पाणी थंड, मॅग्नेशियम म्हणत होते उकाडा.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा: तारीखही टाकायची आणि मॅग्नेशियमही टाकायचे. लोहाचे प्रमाण तपासले तर लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर ०.३ च्या आसपास होते. हे ०.१ च्या वर गेले की कवचात माती राहिली असा संशय घेतात. म्हणजे मॅग्नेशियम बाद करायला अधिकृत कारणही हाताशी होते. दोन अडचणी, दोन कारणे, विषय संपला.

दुसरा पर्याय म्हणजे बेझियन कालमापन प्रारूप वापरायचे. अशी प्रारूपे प्रत्येक तारखेला ती चुकीची असण्याची शक्यता जोडतात आणि न बसणारी तारीख आपोआप मागे सारतात. गटातल्या एकाचा याला जोरदार पाठिंबा होता, कारण मग तारीख "आपण" टाकली असे होत नाही. खरे पाहता दोन्ही पर्याय एकच आहेत. तारीख का उलटली हे प्रारूपाला ठाऊक नसते, ते फक्त पहिल्याच निर्णयाला सांख्यिकीचा सदरा चढवते. गाळ अखंड साचला आहे हे गृहीतक प्रारूपात माणसानेच घातलेले असते, आणि इथे शंका होती ती नेमकी त्या गृहीतकाबद्दल.

तिसरा पर्याय त्या भागात आणखी चार-पाच तारखा घेण्याचा होता. त्यासाठी पैसे नव्हते, आणि निकाल यायला महिने लागले असते. शिवाय आतला गाळच मिसळलेला असेल तर त्यातल्या आणखी तारखांनी गोंधळच वाढला असता.

चौथा पर्याय बैठकीत जवळजवळ अपघाताने आला. नमुने धुण्याचे काम करणारे प्रयोगशाळा सहायक दुसऱ्याच कामासाठी खोलीत आले होते. फळ्यावरचे खोलीचे आकडे पाहून ते म्हणाले, "मॅडम, हे नमुने पटकन धुतले गेले होते. चाळणीवर रेतीसारखं पुष्कळ राहत होतं. वहीत लिहिलंय मी." मार्गदर्शक बाईंनी वही मागवली. १३८ ते १५४ मधल्या आठ नमुन्यांसमोर "रेती जास्त, लवकर धुतला" असा शेरा होता. इतर पानांवर तसा शेरा नव्हता. धुण्याची वही नमुन्याचे वजन पाहायलाच उघडली जाई, शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नसे.

मग ठरले की पैसे न लागणारे काम आधी करायचे: बाटल्यांतला उरलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा, तळजीवी जाती पाहायच्या आणि रेतीचे प्रमाण काढायचे. सारांश तोवर थांबवला.

केलेली कामे

रेतीचे प्रमाण काढायला नवे काहीच करावे लागले नाही. धुण्याआधीचे आणि नंतरचे वजन वहीत होतेच. एरवी ६३ मायक्रॉनवरचा भाग ६ ते ८ टक्के होता. १५२-१५४ च्या कापात तो एकदम ३१ टक्के, आणि तिथून वर हळूहळू उतरत १३६-१३८ मध्ये १२ टक्के. खाली तुटक सुरुवात आणि वर बारीक होत जाणारे कण, ही उतारावरून घसरत आलेल्या गढूळ प्रवाहाची ठरलेली खूण आहे. जड कण आधी बसतात, हलके मागाहून.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याहून बोलके चित्र होते. या खोलीवर अपेक्षित युव्हिजेरिना, बुलिमिना, सिबिसिडॉइडीस वर-खालच्या कापांत होतेच. मधल्या भागात मात्र अमोनिया (वायू नव्हे, याच नावाचे फोरॅमिनिफेरा), एल्फिडियम आणि चक्क अम्फिस्टेजिना सापडले. पहिली दोन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातली. अम्फिस्टेजिना आपल्या पेशीत शैवाल बाळगते, म्हणून तिला उजेड लागतो. १,३०० मीटर खोल काळोखात ती जगूच शकत नाही. कवचे झिजलेली, तपकिरी पडलेली होती, सोबत ब्रायोझोआ या वसाहतीने राहणाऱ्या जीवांचे तुकडे आणि चुनखडीचे गोल कण. तळजीवी कवचांत अशा उपऱ्यांचा वाटा तळाशी ४० टक्के, वरच्या टोकाला १५ टक्के, आणि या भागाबाहेर २ टक्क्यांहून कमी.

इथे थांबून दुसरी कारणे तपासली, आणि हा टप्पा गटाने चांगला हाताळला. चाळणीतून आलेली भेसळ? एकही उपरे कवच निळे नव्हते, आणि त्या महिन्यात प्रयोगशाळेत उथळ पाण्याचा नमुना धुतलाच नव्हता. तळावरच्या किड्यांनी बिळे करून मिसळलेला गाळ? मग तळाची सीमा अशी तुटक राहिली नसती. वाहत्या समुद्रवनस्पतींना चिकटून आलेली कवचे? काही लहान जाती तशा दूर जातात, पण अर्ध्या मिलिमीटरहून मोठी, झिजलेली अम्फिस्टेजिना आणि सोबत रेतीचा थर, हे तसे येत नाही. पश्चिम किनाऱ्याची समुद्रबूड जमीन मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या बाहेरच्या कडेवर समुद्रपातळी खाली असतानाचे जुने चुनखडी अवशेष पडून आहेत. माल कुठून आला असेल याचे कोडे उरत नाही. या किनाऱ्यावर घसरणी नव्या नाहीत. २०१५ मध्ये आयओडीपी या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ संशोधन कार्यक्रमाच्या ३५५ क्रमांकाच्या मोहिमेत अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा घसरून आलेला थर भेदला गेला होता. त्याच्यापुढे १८ सेंटिमीटर म्हणजे चिल्लर.

मग मॅग्नेशियम. नेहमीच्या पद्धतीत काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये कवचे हलकेच फोडतात, अतिशुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिकने हलवून गढूळ पाणी चार-सहा वेळा काढतात, मग मेथनॉल, मग सोडियम हायड्रॉक्साइड आणि पेरॉक्साइडचा गरम द्राव, शेवटी अगदी सौम्य नायट्रिक आम्ल. या थरातल्या कवचांचे कप्पे घट्ट चिखलाने भरलेले होते आणि फोडणे बेताचे झाल्याने आतले कप्पे बंदच राहिले होते. गढूळ पाणी काढताना घाई केली की सैल झालेली माती पुन्हा तुकड्यांवर बसते, तेही घडले असावे.

पण निव्वळ मातीने एवढी उडी बसत नव्हती. फोडलेले तुकडे पुन्हा पाहिले तेव्हा कप्प्यांत पांढरे, अपारदर्शक कण दिसले: उथळ पाण्यातल्या लाल शैवालांसारख्या जीवांचे जास्त मॅग्नेशियमचे कॅल्साइट. त्यात मॅग्नेशियम १० ते २० टक्के असू शकते, रुबरच्या कवचात अर्ध्या टक्क्याहून कमी. वजनाने अवघा १ टक्का अशी भर पडली तरी गुणोत्तर साधारण १.५ ने वाढते, म्हणजे तापमान ३ अंशांहून जास्त फुगते. आणि या कणांत लोह किंवा ॲल्युमिनियम नसल्याने नेहमीच्या तपासण्यांत ते पकडले जात नाहीत. ते कुंचल्याने एकेक वेचूनच काढावे लागतात. तसे करून, पूर्ण फोडून पुन्हा मोजल्यावर गुणोत्तर ३.९५ आले, म्हणजे २६ अंश.

आता ऑक्सिजनचा हिशेब जुळला. फरक ०.७५ चा. त्यातले १.२ अंशांच्या थंडीचे ०.२६. उरले ०.४९. ही कवचे १८,६०० वर्षांपूर्वीच्या आसपासची मानली, तर तेव्हाची समुद्रपातळी थर साचतानाच्या पातळीपेक्षा सुमारे ५० मीटर खाली होती आणि तेवढ्या बर्फाचे सुमारे ०.४ होतात. उरते ते मोजमापाच्या चुकीत मावते. मान्सून कमकुवत झाल्याचा पुरावा म्हणून जे समोर दिसत होते, ते हिमयुगातल्या कवचांचे साधे हिमयुगी पाणी होते. बुलॉइडीसची घटही तशीच. सुपात पाखडल्यासारखी पातळ, हलकी कवचे प्रवाहाने वेगळी पडली. ३०० कवचांच्या मोजणीत २४ टक्क्यांना सुमारे ५ टक्क्यांची आणि ९ टक्क्यांना सुमारे ३ टक्क्यांची मुभा धरली तरी फरक खराच आहे. तो खरा आहे एवढेच सांख्यिकी सांगते, तो हवामानाचा आहे की घसरणीचा, हे सांगत नाही.

१८,६०० हीसुद्धा कशाची तारीख नाही, एवढे लक्षात ठेवावे. ती मिश्रणाची सरासरी आहे, आणि सरासरीही तरुण कवचांकडे झुकलेली, कारण त्यांच्यात कार्बन-१४ जास्त शिल्लक असतो. मालातला काही भाग त्याहून बराच जुना असणार.

निष्पन्न

उरलेल्या पैशांत दोनच तारखा बसत होत्या. त्या थराच्या आत न घेता त्याला वरून-खालून चिकटून घेतल्या: १३४ सेंटिमीटरवर १२,३०० आणि १५६ वर १२,९०० वर्षे. कालप्रारूपात १८ सेंटिमीटरचा थर क्षणात साचलेला मानून काढून टाकला. मग ८० ते १९६ मधल्या उरलेल्या ९८ सेंटिमीटरांचा वेग दर हजार वर्षांना ११.१ येतो, जो वरच्या ११.५ आणि खालच्या १०.६ शी जुळतो. पहिल्या प्रारूपातला १३.२ हा वेग तेवढाच वेगळा पडत होता, हे मागे वळून पाहताना दिसते.

वेगाच्या हिशेबाने थराखालचा गाळ १२,६०० च्या आसपासचा असायला हवा होता, तारीख आली १२,९००. प्रवाहाने जाताना ३ सेंटिमीटर खरवडले असतील किंवा ही नुसती मोजमापाची मुभा असेल. दोन तारखांवरून ते ठरत नाही, आणि गटाने ते तसेच लिहिले.

यंगर ड्रायसचा निष्कर्ष मागे घेतला. सुधारित कालप्रारूपात त्या काळाचे थराच्या वर जेमतेम ९ सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच नमुने उरतात. त्यांत ऑक्सिजन-१८ ची वाढ ०.१५, मोजमापाची अचूकता ०.०८. यावर मान्सूनविषयी काही बोलता येत नाही. हिमयुगाचा कळस आणि होलोसीन (हिमयुगानंतरचा, आजपर्यंतचा काळ) मात्र शाबूत राहिले: तापमान २५.४ वरून २७.९ अंश, ऑक्सिजन-१८ मध्ये एकूण १.९ चा फरक, त्यातले १ बर्फाचे, ०.५५ तापमानाचे आणि ०.३५ क्षारतेचे. हिमयुगात या किनाऱ्यासमोर पाणी जास्त खारे होते, गोडे पाणी कमी येत होते, एवढे ठामपणे मांडता आले. परिषदेत याच भागावर पोस्टर गेले. विद्यार्थिनीला एक प्रकरण नव्याने लिहावे लागले आणि सहा महिने पुढे गेले. लेखाच्या लेखकांत सहायकांचे नाव घालायचे की आभारात, यावर थोडी चर्चा झाली. ते लेखकांत गेले, आणि ते योग्यच झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी गोष्ट क्रमाची. तारखांच्या जागा रेतीचे प्रमाण पाहण्याआधी ठरल्या. १५० नमुने धुऊन झाल्यावर एका दुपारी वजनांचा आलेख काढला असता, तर १४४ ची तारीख थराच्या मध्यावर पडलीच नसती आणि ते पैसे १३४ किंवा १५६ साठी वापरता आले असते. नियम म्हणून सांगायचे तर: धुणे, रेतीचा आलेख, दर १० सेंटिमीटरला तळजीवींची झटपट पाहणी, मग तारखा, आणि रसायन सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात याच्या उलट होते, कारण बाहेरच्या प्रयोगशाळांच्या रांगा लांब असतात आणि सगळ्यांना नमुने आधी पाठवायची घाई असते.

दुसरे, सगळा कोअर जहाजावर कापला गेला. अर्धी बाजू अखंड ठेवली असती तर क्ष-किरण चित्रात हा थर काही मिनिटांत दिसला असता. पिशव्यांतल्या कोरड्या गाळावर चुंबकीय ग्रहणशीलता अजूनही मोजता येते. दख्खनच्या मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज भरपूर, चुनखडीच्या मालात जवळजवळ नाही, म्हणजे असा थर खड्ड्यासारखा दिसायला हवा. स्वस्त आहे, नमुना खराब होत नाही, आणि हे काम कोणत्याही नव्या कोअरवर पहिल्या आठवड्यात व्हायला हरकत नाही.

तळजीवींची मोजणी पुढे ढकलणे समजण्यासारखे होते, एका नमुन्याला अर्धा-पाऊण दिवस जातो. पण मोजणे आणि पाहणे यांत फरक आहे. ट्रे पंधरा मिनिटे पाहून "उथळ जाती आहेत का" एवढेच लिहायला कोणी ३०० कवचे मोजायला सांगत नाही. ज्याला फक्त रुबर उचलायला शिकवले आहे, त्याच्या नजरेतून शेजारची अम्फिस्टेजिना सुटते. या विद्यार्थिनीने ती ट्रेमध्ये अनेकदा पाहिली होती. ती "इतर" या रकान्यात जात होती.

न बसणाऱ्या तारखेबद्दल गटात अजून मतभेद आहेत. एकाचे म्हणणे, प्रत्येक उलट्या तारखेमागे एवढे खोदत बसलो तर एकही कोअर पूर्ण होणार नाही, आणि बऱ्याचदा कारण खरोखर किरकोळ असते. ते चूक नाही. पण इथे तारीख टाकल्यावर उरलेले चित्र अपेक्षेपेक्षा जास्त सुबक झाले होते. तेवढ्या सुबकपणाची किंमत म्हणून दोन दिवस सूक्ष्मदर्शकाला द्यायला हरकत नसावी.

धुण्याच्या वहीतला शेऱ्याचा रकाना आता संगणकावरच्या तक्त्यात खोलीच्या शेजारी येतो. उताराच्या वरच्या अंगाला काढलेला दुसरा कोअर धुवायला घेतला आहे. थर तिथे जाड आणि भरड असायला हवा. पहिल्या ४० सेंटिमीटरांत तरी रेती ७ टक्क्यांच्या वर गेलेली नाही.